कॅमेऱ्यावरचा ओला टॉवेल

मी, शिवलीला शिवप्पा हत्तुरे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका आणि विज्ञानकथालेखिका, राहणार शेळगी, सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. कोणाच्या नजरेशिवाय, असं मात्र लिहिता येत नाही. पुण्यातल्या माझ्या मुलाने, नंदीशने, लावलेला कॅमेरा थेट या टेबलावर रोखलेला आहे.

कलम १. माझ्या कथासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती वाचनालयाला द्याव्यात. त्यांत सन २१०० मध्ये सरकार माणसांच्या डोक्यात चिप बसवतं आणि नायक जिवावर उदार होऊन ती उपटून काढतो. प्रत्यक्षात नजर ठेवणारं यंत्र गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये आलं, आणि ते बसवणाऱ्यासाठी स्टूल मीच धरलं. चहाही दिला. "आई, तुझ्या काळजीपोटीच गं," नंदीश म्हणाला. माझ्या कथेतलं सरकारही हेच म्हणतं.

कलम २. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून समाधी द्यावी. बसलेलीच आहे म्हणून कोणी माझा फोन चेहऱ्यासमोर धरून उघडायला जाऊ नये. तो माझ्याबरोबर बंदच पुरावा.

कलम ३. राहतं घर नंदीश आणि माझी धाकटी बहीण गंगम्मा यांना निम्मं निम्मं द्यावं. माझे नायक किरणांच्या बंदुका घेऊन लढले. माझ्याकडेच राहणारी गंगम्मा रोज अंघोळ झाली की ओला टॉवेल त्या कॅमेऱ्यावर टाकते. "अक्का, हितंच लवकर वाळतंय की," एवढंच म्हणते. मग आम्ही दोघी मनसोक्त बोलतो.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. नंदीशच होता.

"आई, निम्मं घर मावशीला कशाला?"

हे कलम मी अजून कोणालाही वाचून दाखवलेलं नव्हतं.

कलम ३, दुरुस्त. संपूर्ण घर गंगम्माला. कॅमेरा नंदीशला.

कलम ४. हे टॉवेल टाकून लिहीत आहे. नंदीशचा मला संताप येतो. पण तो तिकडे कामात असताना उठसूट मला बघतो, याचं बरंही वाटतं. कॅमेरा मी काढून टाकला नाही तो त्यामुळेच. हे त्याला माझ्या माघारी कळावं, आधी नाही.

ठिकाण: सोलापूर. दिनांक: १२ मार्च २०२६.

सही: शिवलीला शिवप्पा हत्तुरे

साक्षीदार, दोघेही शेजारी, माझ्यादेखत सही केलेले:
१. हेमावती कोरे
२. धनाजी माने

तिसरा साक्षीदार भिंतीवर आहे. कलम तीनपर्यंतच त्याची साक्ष धरावी.