सिग्नल आल्यावर करायचं काम

सर, आज रामघाटावरची पाण्याची पातळी नोंदवणारा माझा प्रोग्राम नव्या मशीनवर चढवला. सी भाषेत लिहिलेला, इतका जुना, पण बंद व्हायचा सिग्नल दिला की अजून शहाण्यासारखा शेवटची नोंद पुरी करतो आणि मगच थांबतो. बघून इतकं बरं वाटलं, की सांगायला तुम्हीच हवे होता.

पहिल्यांदा लिहिला तेव्हा सिग्नल दिला की तो निम्म्या वेळा जागीच अडकायचा. फ्रीगंजमधल्या तुमच्या क्लासात, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, मी तुम्हाला दाखवते आहे. सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, हँडलर, वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता. "अगं बाई, इथे तर सगळा संसार मांडलायस! फाइल उघडते काय, लिहिते काय, छापते काय!" मी म्हणते, "पण सर, सिग्नल आला की लगेच करायला नको?" आमच्या घरचं वळणच तसं. मोठ्यांनी हाक मारली की हातातलं टाकून पळायचं, दूध उतू गेलं तरी. तुम्ही हसता. "बेटा, सिग्नल कधीही येतो. तुझा प्रोग्राम अर्धी नोंद लिहीत असताना हँडलर त्याच फाइलीत घुसला, तो फँस गए ना? हँडलरने फक्त खूण करायची, हाक आली म्हणून. मुख्य लूपने, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या मूळ कामाने, हातातलं पुरं करायचं, खूण बघायची, मग जायचं." मी हँडलर एका ओळीचा केला. त्यानंतर प्रोग्राम कधी अडकला नाही. घरीसुद्धा मी "आले हं" म्हणून तव्यावरची पोळी उतरवूनच उठायला लागले, आणि त्याबद्दल भरपूर बोलणी खाल्ली.

मग बऱ्याच वर्षांनी, एका दुपारी ऑफिसात काकूंचा फोन आला. "हे तुझी आठवण काढताहेत गं. डॉक्टर म्हणतात, आज-उद्याचं." मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही जागे होता. काकूंची नजर चुकवून माझ्याकडे चहा मागितलात, वर "शक्कर जरा ठीक से" अशी ताकीदही दिलीत. तासभर गप्पा झाल्या. संध्याकाळी तुम्ही गेलात. रडले खूप, पण तो तास मला मिळाला याचं सुख आजही आहे.

त्या दुपारी मी निघताना तुम्ही विचारलंत, "काय गं, हातातलं पुरं करून आलीस ना?" मी म्हटलं, "हो सर." तुम्ही खूश झालात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. खोटं बोलले सर. ऑफिसात अर्धी ओळ तशीच सोडून पळत आले होते.