वीतभर मागे

ती. आईस,

लांबूनच नमस्कार. घोटा जरासा सुजलाय, म्हणून वाकून नाही. काळजीचं काही नाही.

आई, एवढ्या देशांच्या मुलींत लांब उडीत तुझी लेक तिसरी आली! टीव्ही लावला होतास, की भीतीने पुन्हा गच्चीवर जाऊन बसलीस?

पहिल्या दोन्ही उड्यांना पाय फळीच्या पुढे पडला आणि लाल झेंडा वर गेला. तिसरीही चुकली असती तर खेळ तिथेच संपला असता. सर लांब प्रेक्षकांत, गोंगाटात त्यांचं काही ऐकू येईना.

तेवढ्यात शेजारी बसलेली परदेशी मुलगी उठली. तिची भाषा मला येत नाही. मी धाव सुरू करते तिथली खूण तिने दाखवली आणि ती वीतभर मागे घे, असं हाताने सांगितलं. मनात आलं, ही फसवत तर नाही? पण ऐकलं. पांढरा झेंडा!

शेवटच्या उडीत मी तिलाच दोन सेंटिमीटरने मागे टाकलं. मला रडूच फुटलं. तिने माझ्या पाठीवरची वाळू झटकली आणि मला पदक घ्यायला ढकललं.

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं लिही.

पुढच्या महिन्यात ती मुलगी आपल्याकडे स्पर्धेला येणार आहे. तुला न विचारताच तिला खुणा करून जेवायला बोलावलंय. कळलं की नाही कोण जाणे, पण पोटावरून हात फिरवून हसली.

तुझी,
वाळूने माखलेली लेक