मस्कत किती लांब

तीर्थस्वरूप आईला मस्कतहून कल्याणचा दंडवत.

मी बराबर आहे. जेवणाची आबाळ न्हाई. तुझे डोळ्यात टाकायचे थेंब चालू आहेत ना?

परवा सुरेखावहिनीनं सांगितलं, मी इकडं निघालो की पोचल्याचा फोन येईपर्यंत तू अन्नाला शिवत न्हाई. या बारीला साखरेची गोळी उपाशीपोटी घेऊन तुला चक्कर आल्ती म्हणे. तू मला काही बोलली न्हाई.

आई, तू दर सणाला बोलवू नये म्हणून मी सांगितल्तं की विमानाला पुरा एक दिवस लागतो. खरं तर मुंबईहून मस्कत सोळाशे किलोमीटर, जेमतेम पावणेतीन तास. पिंपळगावात एसटीची वाट बघून जालन्याला पोचायलाबी तेवढाच वेळ जातो.

खोटं उघडं पडू नये म्हणून मी पोचल्यावर जेवून झोपायचो आणि दुसऱ्या दिवशी तुला फोन करायचो.

फोनवर हे बोलायला जीभ रेटली न्हाई. वहिनी, वाचून दाखवताना यातलं काही गाळू नका.

येत्या दिवाळीला मी घरी येऊन राह्यलो. परत निघायच्या दिवशी माझ्यासमोर पोटभर जेव, मंगच मी उंबरा ओलांडीन.

तुझ्या पायाशी,
कल्याण