बुंदीची हाक

४ फेब्रुवारी

पिल्लं नाहीत.

दुपारी ब्लाउज पोचवायला पुलापलीकडे रोह्यात गेले होते. अलीकडे अष्टमी गावात घरी येऊन पाहते तर कॉटखाली जागा मोकळी. मांजर, बुंदी, तिथली लादी हुंगत गोल गोल फिरतेय.

ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बोका आला असेल. नेली त्याने."

"तिन्ही?"

"तिन्ही."

सासूबाई मागच्या दारी वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

५ फेब्रुवारी

रात्रभर ओरडली, सकाळीही तेच. शिफ्टला निघताना हे म्हणतात, "माजावर आलीय. मांजरं अशीच ओरडतात."

चार वर्षं मी हिला सांभाळते. मला सांगतात! माजावरची ओरड घशातून येते, लांब, थांबा नाही. लोळते, ढुंगण वर करते, दारावर अंग घासते. ही लोळत नाहीये. तोंड अर्धं मिटून "म्र्रं" करते, शेवट वर चढवते आणि गप्प होते. कान पुढे. ऐकते. मग पुढच्या खोलीत जाऊन पुन्हा. दूध पाजायला बोलवायची तेव्हा हाच आवाज. तेव्हा आतून तीन चिरके आवाज यायचे.

आता ती थांबते आणि काही येत नाही.

मशीनवर बसवलं नाही आज. बाही दोनदा उलटी लावली.

६ फेब्रुवारी

झाडू मारताना डोक्यात आलं. बोका पिल्लं नेईल. त्यांचा पुठ्ठ्याचा खोका कशाला नेईल? त्यात माझा जुना परकर होता, तोही नाही. बोक्याने परकर नेसला काय?

आणि बोका अंगणात नुसता आला तरी बुंदी पोटातून गुरगुरते, मग किंचाळते, सगळी आळी गोळा होते. शेजारी विचारलं. त्या दुपारी कुणी काही ऐकलं नाही.

म्हणजे कुणीतरी घरातलं. तिच्या ओळखीच्या हाताने उचलली म्हणून ती ओरडली नाही.

हे आले की बोलते.

६ फेब्रु., संध्याकाळी

बोलले. आधी हे म्हणाले, "तुझं आपलं काहीतरी." मग सासूबाईच बोलल्या, "बाळंतिणीच्या घरात मांजर नको गो. तान्ह्या पोराच्या तोंडावर बसतं. पुढल्या महिन्यात मृणाल येतेय. तुला कोण सांगणार? तू ऐकतेस?"

पिल्लं कंपनीतल्या सुभाषला दिली. मी बाहेर असताना धाटावला कंपनीत डब्याच्या पिशवीतून नेली! खोका मागे जाळला. सुभाष पेणच्या पुढच्या जिते गावचा. त्याने तिथल्या स्टेशनजवळच्या भाताच्या गिरणीपाशी सोडली. "तिथे उंदीर भरपूर आहेत, जगतील," म्हणे. दुधावरची पिल्लं. उंदीरच त्यांना खातील.

मी म्हटलं, "मला विचारायचं नाही? घर माझंही आहे ना?"

हे म्हणाले, "मृणालनेच सांगितलं. तिचाच फोन होता. पिल्लं आधी, मग मांजर. म्हणाली, आईला आत्ता सांगू नका."

माझी मुलगी.

जेवले नाही. त्यांनाही वाढलं नाही. सासूबाईंना वाढलं, त्यांची गोळी असते.

७ फेब्रुवारी

मृणालला फोन केला. पेणला तिच्या सासरी दुपारी सगळे झोपतात, म्हणून तेव्हाच केला, कुणी ऐकायला नको. उपयोग झाला नाही. मीच ओरडले.

ती म्हणते, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या मांजरापासून जपा."

मी म्हटलं, "जपा म्हणाल्या की पिल्लं टाका म्हणाल्या? नीट सांग. काय शब्द होते त्यांचे?"

तेव्हा म्हणाली, "मांजराची घाण तू काढू नकोस, हात धूत जा, असं."

"मग? घाण मी काढते. तू कधी काढलीस?"

"आई, मला भीती वाटते."

"भीती वाटते तर आईला फोन करायचा. बापाला नाही."

तेव्हा ती जे बोलली ते इथे लिहिते, म्हणजे पुढे मला कुणी सांगायला नको की तसं नव्हतंच. म्हणाली, "तुला मांजराची प्रत्येक म्यांव कळते. माझं रडणं तुला फोनवर कळलं नव्हतं. दिवाळीत. तू म्हणालीस सर्दी झालीय का."

खोटं. साफ खोटं. तिला खरंच सर्दी होती. नाक चोंदलेलं...

फोन मी ठेवला की तिने, आठवत नाही.

९ फेब्रुवारी

बुंदीने हाका कमी केल्यात. आता आवाज न काढताच तोंड उघडते. आ करते, बंद करते. हे मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटतं. आचळं दगडासारखी झालीत, हात लावला की चावायला येते. गरम फडक्याने शेकलं, तेव्हा घुरघुरायला लागली.

हे म्हणाले, "बघ, खुश झाली."

खुश! डोळे अर्धे मिटलेले, पंजे पोटाखाली आवळलेले, श्वास भरभर. दुखतं तेव्हाही मांजर घुरघुरतं. स्वतःची समजूत काढते ती. ह्यांना एवढं सांगायलासुद्धा मी तोंड उघडलं नाही. तीन दिवस बोलत नाही त्यांच्याशी. तेही कुठे बोलतात. काल मासळी आणून ओट्यावर ठेवली. तिथेच पडून राहिली असती तर बरं झालं असतं, पण सुरमई होती, वाया कशी घालवणार. केली. डोकं बुंदीला.

उद्या जित्याला जाते. हिला घेऊनच.

१० फेब्रुवारी

गेले.

भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत बुंदी, वर दुसरी टोपली उलटी, जुन्या ओढणीने करकचून बांधलं. सकाळची गाडी. पेणपर्यंत अखंड ओरडली, खर्जातली लांब ओरड, गाडी-रिक्षात बसलं की काढते ती. समोरची बाई म्हणाली, "भूक लागलीय बिचारीला." मी म्हटलं, "नाही. घाबरलीय." बाईने तरी बिस्कीट टाकलंच.

पेण आलं. उतरावंसं वाटलं नाही. मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसले.

जित्याला गिरणी लगेच सापडली. बाजूच्या घरात एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. मला बघून, "कोन गो तू? कुनाकडं आलीस?"

सांगितलं. गेल्या आठवड्यात मांजराची पिल्लं सोडली होती कुणी इथे.

"व्हय. तीन व्हती. एक कुत्र्यानं नेलं त्याच दिशी. एक कुठं गेलं म्हाईत नाय. एक हाय आमच्याकडं, काळं. चुलीमागं बसतं." मग सूप खाली ठेवून, "तूच सोडलीस काय?"

मी नाही म्हटलं. कुणी, ते सांगायची लाज वाटली. नवऱ्याने म्हणून कसं सांगू.

टोपली ओसरीवर ठेवली. बुंदी अचानक गप्प झाली. मग "म्र्रं". तोच. आतून, चुलीमागून, चिरकं उत्तर आलं. लगेच. वाटच बघत असल्यासारखं.

ओढणीची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. काळं पिल्लू शेपटी ताठ करून धावत आलं, थेट तिच्या पोटाशी.

बुंदीने हुंगलं. आणि फिस्कारली. पंजा मारला. पिल्लू जमिनीला चिकटलं. पुन्हा सरकलं, पुन्हा फिस्कारली. कान मागे, अंग मागे खेचलेलं. राग नव्हता तो. भीती होती. धुराचा वास, परक्या घराचा वास, परक्या हातांचा. हाक तिनेच मारली, उत्तर आलं, आणि आलेलं पिल्लू तिला आपलं वाटेना.

तिथेच ओसरीवर बसून रडले. रागाने. माझ्या माणसांनी हिचं पिल्लू हिला परकं करून ठेवलं.

म्हातारी पाणी घेऊन आली. म्हणाली, "ने दोगांना. नाय जमलं तर हितं आनून दे मला. रस्त्यात नको टाकू."

येताना पिल्लू पदरात, बुंदी टोपलीत. पेणला गाडी थांबली तेव्हा या खेपेला फलाटाकडे बघितलं. कोण असणार आहे तिथे.

१२ फेब्रुवारी

पिल्लू मागच्या खोलीत कोंडलंय. एकच फडकं दोघांच्या अंगावरून फिरवते, वास एक व्हावा म्हणून. वाटीने दूध पितंय. बुंदी दारापाशी जाते, फटीत नाक घालते, फिस्कारून परत येते.

सासूबाई म्हणाल्या, "ही आता लग्न लावतेय काय मांजरांचं? हळद लावल्यासारखं फडकं फिरवतेय." हे हसले. मी बघितलं तसे थांबले.

मग मी एकदाच बोलले. "ह्या घरातून पुन्हा एकही जीव मला न विचारता बाहेर गेला, तर त्याच्यामागून मी जाईन." आवाज चढवला नाही.

हे शिफ्टला लवकर निघून गेले.

१६ फेब्रुवारी

मृणाल आली. पुढच्या महिन्यात यायची ती आज. बापाने बोलावलं की स्वतःहून, विचारलं नाही. जावई बॅगा ठेवून चहा पिऊन गेला. पाय सुजलेत तिचे. चेहरा उतरलाय.

"आलीस? हातपाय धू." एवढंच मी.

"हो," एवढंच ती.

भाकरी, वालाचं बिरडं, तिला लागतं तसं कमी तिखट. वाढलं. बुंदी कपाटावर जाऊन बसली, खाली उतरेना. मृणालही तिच्याकडे बघेना.

१७ फेब्रुवारी

दुपारी ब्लाउजला बटणांची काजं करत बसले होते. मृणाल कॉटवर आडवी. बुंदी उतरून मागच्या खोलीच्या दारापाशी गेली. आतून पिल्लाचा चिरका आवाज. आणि बुंदीने एक आवाज काढला, मी आजवर न ऐकलेला. खाली, घशातच. घुरघुर की गुरगुर, सांगता येईना. हातातली सुई थांबली.

मृणाल उठून बसली. "आई, ती काय म्हणाली?"

मी म्हटलं, "कळलं नाही."

"तुला?"

"मला."

दोघी ऐकत होतो. पुन्हा आला तोच आवाज. मृणाल हळूच म्हणाली, "दिवाळीत मला सर्दी नव्हती."

राग अजून आहे. पुष्कळ आहे. ती उठली, पोट धरत दारापर्यंत गेली, कडीला हात घातला. "उघडू?"

"तू नको. मागे हो." मी उठले. "मी उघडते. तू माझ्या मागे उभी राहा."

ती राहिली. मी कडी काढली.