जाळं निघालं, बोट चालू लागली

जर्जिस बंदर

मबरूकाताईस लुत्फीचा सलाम.

आम्ही सुखरूप पोचलो, काळजी करू नकोस. तू दिलेले सुके ऑक्टोपस माझ्या जोडीच्या हमादीनेच जास्त संपवले.

मोनास्तिरहून मालकाची शिडाची बोट घेऊन निघालो तेव्हा वारा छान होता. आपलं केरकेन्ना बेट मागे पडलं आणि बोट जडावली. शिडं फुगलेली, पण वेग निम्माच. हमादी म्हणाला, "ही बोट आहे की गाढव? टाच मारू का?" त्यातच पाण्याची खोली दाखवणारं यंत्र बिघडलं. भर समुद्रात म्हणे खाली हातभरच पाणी! वायरी तपासल्या, त्या ठीक होत्या.

शेवटी शिडं उतरवून हमादीने बुडी मारली. वर आला तेव्हा तो हसत नव्हता. "तळाला फाटकं जाळं गुंडाळलंय, यंत्राचा डोळा त्यानेच झाकलाय. सुरी दे. आणि लुत्फी, तू खाली येऊ नकोस."

जाळं कापून वर ओढलं. त्यात एक जॅकेट अडकलं होतं, रिकामं. बाकी काही नव्हतं, खरंच. समुद्रात असलं काहीबाही सापडतंच. मग बोट झकास पळाली, यंत्रही ताळ्यावर आलं.

तुझे गुडघे कसे आहेत? अनीसचा इटलीहून फोन आला का? पोरं पोचली की आधी झोपतात, मग त्यांना आई आठवते.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहून विचारतो. अनीस इटलीला जायला रात्री चोरून होडीत बसायला निघाला तेव्हा तू त्याच्या जॅकेटची बाही शिवून दिली होतीस ना? दोरा कोणत्या रंगाचा होता, तेवढं कळव.

तुझा धाकटा,
लुत्फी