मुलींची हॉकी

बाबा, आज आमच्या कॉलेजातली मुलींची हॉकी बंद झाली. बजेट कमी झालंय, कुठेतरी कात्री लागणारच, असं प्राचार्य मीटिंगमध्ये म्हणाले. ती कुणाला लागणार हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. मुलांच्या संघाला याच महिन्यात नवीन किट आलेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण यात तुमचाही हात आहे.

छावणीच्या मैदानावर तुम्ही जवानांची पीटी घ्यायचात आणि रविवारी आम्हा क्वार्टरमधल्या मुलांची हॉकी. हजेरी तिथेही असायची. बारावीत असताना पाळीच्या दुखण्याने मी अर्धा तास उशिरा आले, तर मान वर न करता तुम्ही म्हणालात, "लाइनीत नाही तो गैरहजर. कारणं घरी." घरी आईने कारण सांगितलं, तेव्हा तुम्ही पेपर उचलून बाहेर जाऊन बसलात. त्याचा राग मला अजून येतो. तरीही इथे उत्तरेत, हिंदी मुलखात खेळाची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा रजिस्टर मी तुमच्यासारखंच ठेवलं.

आमचं मैदान एकच. साडेपाचपर्यंत मुलं खेळतात, ती हटली की मुली. आणि मुलींच्या होस्टेलचं गेट सहाला बंद. बिचाऱ्या वीस मिनिटं खेळून पळतात, कधी येतच नाहीत. प्रॅक्टिस पुरी झाली नाही की मी इमानाने गैरहजेरी मांडते. वेळ बदलून द्या म्हणून दोनदा अर्ज केला, दोनदा "देखते हैं मैडम" ऐकलं आणि गप्प बसले. मुलांचे सर त्यांचं रजिस्टर महिन्याच्या शेवटी चहा पिता पिता एका बैठकीत भरतात. सगळे हजर. मी त्यांना मनातल्या मनात हसायचे.

मीटिंगमध्ये प्राचार्यांनी माझंच रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हणाले, "लड़कियाँ खुद ही नहीं आतीं, तो हम क्या करें? आप ही के हाथ का लिखा है, मैडम." खोलीत मी एकटीच बाई. गेटचं अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढच्या वर्षी खेळाला एकच शिक्षक ठेवणार, अशी कुजबुज आठवडाभर चालली होती, आणि मला नोकरी हवी आहे. हॉकी बंद करायच्या ठरावावर सगळ्यांच्या खाली मीही सही केली.

तुम्ही हयात असतात तर हे पत्र लिहून मी फाडून टाकलं असतं. आता फाडायचीही गरज नाही, म्हणून उरलेलंही सांगते. मीटिंग संपल्यावर मुलींची कॅप्टन स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. बाराबंकीकडची पोर, खेळाच्या कोट्यातून नोकरी लागेल या भरवशावर घरच्यांशी भांडून इथे राहिलेली. म्हणाली, "मैम, आपने गेट वाली बात बताई थी न उनको?"

"हाँ बेटा, बहुत लड़ी मैं."

ती वाकून माझ्या पाया पडली, बाबा, आणि मी पडू दिलं.