वरातीतली बॅटरीची गाडी

खापरखेडा,
दिवाळीआधीचा रविवार, १९८२

प्रिय कौसल्या,

तुझ्या रुपरावांचा निरोप मिळाला. यंदा भाऊबिजेला तुम्ही घरी नसणार, तेव्हा मी धरमपेठेपर्यंत खेप घालू नये, असं त्यांनी आमच्या ऑफिसात फोन करून कळवलं. राखीही यंदा पोस्टाने आली. मे महिन्यात तुझ्या अरुंधतीचं लग्न झालं, तेव्हापासून तू मला भेटलेली नाहीस. तुला मी एकच भाऊ आणि मला तू एकच बहीण. भाऊबिजेला तुझ्या पाटावर बसायचं की नाही, एवढंच मला विचारायचं आहे, पण ते एका ओळीत विचारता येत नाही. म्हणून हे पत्र. मधेच घडी करून डब्याखाली सारू नकोस.

आधी गाडीचं सांगून टाकतो, कारण तू काही तिचं नाव काढणार नाहीस. आहे ती अजून. तुझी शामलावहिनी म्हणते, भंगारात घाला. तिचंही बरोबर आहे. चार्जिंग करताना बॅटऱ्यांची बुचं उघडी ठेवावी लागतात, त्यातून आम्लाचे बारीक तुषार उडतात, आणि मी शहाणा गाडी ओट्याशी चार्जिंगला लावायचो, नेमक्या वाळत घातलेल्या धुण्याखाली. काही दिसायचं नाही. पुढच्या धुण्याला शामलाची दोन लुगडी चाळणीसारखी झाली, तेव्हा कळलं. ती दुकानदाराला शिव्या देत होती आणि मी मान डोलावत होतो. आता मागच्या पडवीत लावतो. संध्याकाळी लावली की सकाळी भरते, मधे वीज गेली की बोंब. वीजकेंद्रात नोकरी करणाऱ्याच्या घरची वीज जाते, याचं शेजारच्या मारोतरावांना फार समाधान आहे.

जुन्या गाडीचं इंजिन काढून मी मोटर आणि ट्रकच्या बॅटऱ्या बसवल्या, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलच्या रांगेत उभं राहणं नाही. त्याच तोऱ्यात तुझ्याकडे येऊन सांगितलं, वरात मामाच्या गाडीतूनच निघणार. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. रुपराव म्हणाले, ॲम्बॅसिडर ठरवलेली आहे. मी हसण्यावारी नेलं. तू पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू म्हनशीन तसं, दादा."

लहानपणापासून तुझं हेच. गावच्या विहिरीवर पाणी मी शेंदायचो, कारण त्यात मर्दुमकी होती, आणि ओला, जड दोर गुंडाळायचं काम तुझ्यावर ढकलायचो. बाबांनी शिकवल्याप्रमाणे अंगठ्यापासून कोपरापर्यंत वेढे घालायचे, मग शेवटचं टोक मधल्या वेढ्यांतून ओवून आत खोचायचं. तुझे हात सोलून निघायचे. तरी "तू म्हनशीन तसं, दादा."

लग्नाच्या आदल्या दिवशी खापरखेड्याहून तुझ्या घरापर्यंत येताना बॅटऱ्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. तुझ्या न्हाणीघरातल्या गिझरच्या प्लगवरून वायर ओढली आणि सगळ्यांना दम भरला, याला कोणी हात लावायचा नाही. मग जे झालं ते तुला माहीत आहे. मांडवातली रोषणाई पिवळी पडली, मिक्सर घरघरून थांबला, हळदीला आलेल्या बाया अंधारात बसल्या, आणि मी फ्यूज बांधून पुन्हा गाडीलाच वीज देत होतो. तू पाहुण्यांना हसून सांगत होतीस, दादाची गाडी आहे ना, थोडं चालायचंच.

सकाळी प्लग काढलेला दिसला, वायरही उचललेली. वाटलं, गाडी भरली म्हणून शामलाने काढली असेल. बॅटरीचा काटा पाहायला हवा होता. पण मी फेटा बांधून फोटो काढून घेत होतो.

सीताबर्डीच्या भर बाजारात गाडी हळू झाली आणि उभी राहिली. बँडवाल्यांना कळलंच नाही, ते वाजवत पुढे गेले. लोक जमले. "काहून गा मामा, पेट्रोल संपलं का?" मग वाजंत्री खाली ठेवून बँडवालेच ढकलू लागले. शालूत बसलेली अरुंधती समोर पाहत होती, माझ्याकडे नाही. महादेवराव व्याह्यांनी आवाजही चढवला नाही. "सुनेले उतरवा. रिक्षा बोलवा." एवढंच म्हणाले. मुंडावळ्या बांधलेली आपली पोर सायकलरिक्षात बसून सासरी गेली. मी फेटा काढून बोनेटवर ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. असं वाटलं, रस्त्याने मला गिळावं. तिला सासरी अजून "बॅटरीवाली" म्हणतात. तिनेच हसून सांगितलं, पण सांगताना पदराचं टोक पिळत होती.

सगळ्यांनी विचारलं, झालं काय. मी सांगितलं, चार्जिंगचं बटण दाबायला विसरलो. शामला अजून म्हणते, तुम्ही आणि बटण विसराल? मी तिलाही तेच सांगतो. कौसल्या, खरं असं आहे की घरी आल्यावर मी डिकी उघडली. वायर आत ठेवलेली होती. अंगठ्यापासून कोपरापर्यंत गुंडाळलेली, टोक मधल्या वेढ्यांतून ओवून आत खोचलेलं. जगात असा दोर आता दोनच माणसं गुंडाळतात, तू आणि मी, आणि ही वायर मी गुंडाळलेली नव्हती. तुला वाटलं असेल, इस्त्रीचा प्लग काढला की इस्त्री थंड, तशी ही गाडी सकाळी सुरूच होणार नाही, ॲम्बॅसिडर येईल आणि कोणाचं मन मोडणार नाही. अर्धीमुर्धी भरलेली गाडी निघते आणि वाटेत दगा देते, हे तुला कोण सांगणार? मी तर फक्त हात लावू नका एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून तू मला तोंड चुकवतेस, ते रागाने नाही, हे मला ठाऊक आहे. मला तुझा राग आला नाही. लाज वाटली, ती त्या बाजारापेक्षा जास्त वाटली. पोटच्या पोरीच्या लग्नात "नको दादा" हे दोन शब्द तुला माझ्या तोंडावर म्हणता आले नाहीत, चोरून प्लग काढावा लागला, असला भाऊ मी झालो. सोबत कोरं कार्ड ठेवलं आहे, माझा पत्ता घालून. भाऊबिजेला मी यावं असं वाटत असेल तर "ये" लिही, मी बसने येईन. नको असेल तर "येऊ नको" लिही, मी खरंच येणार नाही आणि रुसणारही नाही. दोन्हींतलं काहीही लिही. फक्त "तू म्हनशीन तसं" एवढं लिहू नकोस.

तुझाच,
मधुदादा